नाव, गाव, वस्ताद

आधीच सांगून टाकतो, मला कुंडलिक मळेकरचा हेवा वाटतो. थोडाथोडका नाही, अठरा वर्षं मुरलेला हेवा आहे. लोणचं मुरलं की चवीला येतं म्हणतात. हे मुरून नुसतं आंबट झालं. भोर-वेल्ह्यात कुणालाही विचारा, कुंडलिक कोण, तर म्हणतील, "आपला कुस्तीवाला, टीव्हीवरचा." त्या टीव्हीवरच्या आवाजाला वळण लावणारा कुणी साहेबराव मास्तर उत्रोलीत राहतो, हे कुणी म्हणणार नाही. म्हणून त्याची हकिगत मीच लिहायला बसलो. ज्याला ती गोड हवी असेल त्यानं दुसऱ्याकडून लिहून घ्यावी.

मी भोरच्या एका शाळेत पी.टी.चा मास्तर होतो. तीस वर्षं पोरांना सावधान-विश्राम केलं आणि चैत्र लागला की गावोगावच्या जत्रांत कुस्तीच्या आखाड्याचा माईक धरला. भोंगा झाडाला बांधलेला, हलगी कडाडतेय, पंच शिट्ट्या मारतायत आणि मी टेबलापाशी उभा. आमच्या या माईकचा एक नियम आहे. पैलवान मैदानात आला की त्याच्याबद्दल तीन गोष्टी पुकारायच्या: नाव, गाव, वस्ताद. अमका अमका, गाव अमकं, अमक्या वस्तादांचा पठ्ठा. यातलं गाव एकवेळ चुकलं तर लोक हसून सोडतील, पण वस्तादाचं नाव राहिलं तर पैलवान बेवारशी दिसतो. एकदा आंबवड्याला एका पैलवानाच्या वस्तादाचं नाव माझ्या कागदावर नव्हतं, तर गडी अंगाला माती लावायला तयार होईना. मी नाव विचारून घेतलं, खणखणीत पुकारलं, तेव्हा कुठं तो उतरला.

कुंडलिक मला सापडला वरवे बुद्रुकच्या जत्रेत, १९९९ साली. तेव्हा तो पंचविशीत होता आणि भाटघरहून डेअरीचा दुधाचा टेम्पो चालवायचा. त्याचा बाप चिमाजी हा एके काळचा नावाजलेला पैलवान, पण काचबिंदूनं त्याचे दोन्ही डोळे गेले होते. डोळे गेले तरी म्हाताऱ्याचा कुस्तीचा नाद गेला नव्हता. कुंडलिक त्याला आखाड्याच्या कडेला आणून बसवायचा आणि कुस्ती तोंडानं सांगायचा.

त्या दिवशी मी माईकवरून जोरात बोलत होतो, "दोन्ही पैलवान आपल्या शक्तीचे आणि युक्तीचे दर्शन घडवीत आहेत," आणि माझ्या लक्षात आलं की पलीकडच्या कडेची पंधरा-वीस माणसं माझ्या भोंग्याकडं पाठ करून बसलीयत. माईक खाली ठेवून मी कान दिला. कुंडलिक बापाला सांगत होता, "हात गळ्यात हाय. अजून काई न्हाई. दोगं बी वजन तोलत्यात. तांबड्या लंगोटवाल्यानं डावा पाय मागं घेतला. आता बगा दादा, आता काय तरी हुनार. खाली वाकला... घिस्सा! गेला, गेला, पाठ लागली!" आणि हे सगळं कुस्ती होत असताना, नंतर नाही. पाठ मातीला लागायच्या आत त्याच्या तोंडून शब्द निघत होता. मला घिस्सा डाव दिसून, त्याचा शुद्ध मराठीत विचार होऊन, वाक्य तयार होईपर्यंत पैलवान उठून माती झटकत असायचा.

पोटात पहिल्यांदा दुखलं ते तेव्हा. तरी मी त्याला बोलावलं आणि शिष्य केलं. लोक म्हणाले, मास्तरचं मन मोठं. मन कसलं मोठं! हा माणूस दुसऱ्या कुणाच्या हाती लागण्यापेक्षा माझ्या हाताखाली असलेला बरा, एवढाच त्यात विचार होता.

पण शिकवताना हात आखडता घेतला नाही, हे माझ्या वैऱ्यालाही कबूल करावं लागेल. सात वर्षं तो दुधाचा टेम्पो रिकामा करून उत्रोलीला यायचा. त्याला डावांची नावं मी सांगितली. बापानं त्याला डाव दाखवले होते, पण घरात त्यांची नावं वेगळी होती. चिमाजी ढाकेला 'ती कमरंवरची' म्हणायचा. पैलवानांच्या आणि वस्तादांच्या नावांच्या याद्या मी माझ्या हातानं लिहून दिल्या. तो त्या टेम्पोच्या काचेला चिकटवून पाठ करायचा. गळा कसा जपायचा, ज्येष्ठमधाचा तुकडा कधी तोंडात धरायचा, हलगी वाजत असताना आवाज वर न्यायचा नाही तर खाली न्यायचा, हे सगळं मी शिकवलं. आणि सगळ्यांत आधी शिकवलं ते नाव, गाव, वस्ताद. "यातलं एक घेतलंस की तिन्ही घ्यायची," मी त्याला बजावलं होतं. त्याची भाषा सुधारायचाही मी फार प्रयत्न केला. ते काही जमलं नाही. 'न्हाई'चं 'नाही' त्याच्या तोंडी कधी आलंच नाही.

२००६ साली संजयशेठनं भोरात शिवगंगा केबल सुरू केलं. एका केशकर्तनालयाच्या वरच्या दोन खोल्या, निळा पडदा, एक कॅमेरा. त्या वर्षीच्या जत्रांच्या कुस्त्या पहिल्यांदाच घराघरांत टीव्हीवर दिसणार होत्या आणि त्यासाठी त्याला बोलणारा माणूस हवा होता. मी नवा सफारी शिवून घेतला. उत्रोलीत सगळ्यांना सांगूनही टाकलं. माझ्याशिवाय दुसरं होतं कोण? कुंडलिकला मी सोबत नेलं ते पाणी द्यायला.

संजयशेठ मोठा व्यवहारी माणूस. त्यानं तालमीतली एक कुस्ती चित्रित करून आणली होती. म्हणाला, दोघंही तिच्यावर बोला, मी टेप करतो. आधी मी बोललो. मग कुंडलिक बोलला. संध्याकाळपर्यंत संजयशेठनं ती टेप खालच्या दुकानात, चहाच्या टपरीवर आणि एस.टी. स्टँडवर ऐकवली आणि दुसऱ्या दिवशी मला बोलावून घेतलं.

"मास्तर," तो म्हणाला, "तुमचं ऐकायला लई गोड वाटतंय. पर कुस्ती तुमच्या म्होरं पळती. कुंडलिक तिच्या बरुबर पळतोय."

झालं. नऊ शब्दांत माझी माईकवरची बावीस वर्षं निकालात निघाली. शब्द मी नंतर मोजले, पहिलं कौतुक सोडून.

त्याच दिवशी कुंडलिक पेढे घेऊन आमच्या ओट्यावर आला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. त्याला मी काय काय बोललो ते मला नीट आठवत नाही, आणि आठवावं असं ते नसणारच. तो पेढे ठेवून गेला. माझ्या बायकोनं, वनितानं, ते आळीत वाटून टाकले.

मग आली पहिली जत्रा. मी गेलो नाही, घरी टीव्ही लावून बसलो. बाहेरून राग असला तरी आत एक आशा होती. मला वाटत होतं, हा आज साऱ्या तालुक्यासमोर पहिल्यांदा तोंड उघडणार, तेव्हा रीतीप्रमाणं आपलं नाव, गाव सांगेल आणि मग वस्ताद म्हणून माझं नाव घेईल. मी वनितालाही चुलीपुढून उठवून आणलं. पडद्यावर कुंडलिक आला, इस्त्रीचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. घसा खाकरला आणि म्हणाला, "नमस्कार. मी कुंडलिक."

बस. आडनाव नाही, गाव नाही, वस्ताद नाही. लगेच कुस्तीवर. पुढच्या तीन तासांत त्यानं चाळीस पैलवानांच्या चाळीस वस्तादांची नावं घेतली, एकही चुकलं नाही. त्यातली निम्मी माझ्या यादीतली होती. मी टीव्ही बंद केला आणि वनितानं परत लावला.

तेव्हापासून माझी एकच इच्छा राहिली. पैसा नको, मान नको, हार-तुरा नको. या माणसानं एकदा, फक्त एकदा, माईकवर माझं नाव घ्यावं. वस्ताद साहेबराव. दोन शब्द. त्यासाठी मी अठरा वर्षं त्याचा प्रत्येक कार्यक्रम पाहिला, आणि अठरा वर्षं त्यानं तोंड उघडून तेच म्हटलं, "नमस्कार. मी कुंडलिक."

मी मनाशी म्हणायचो, पाहा, एवढा मोठा झाला की आता याला आडनावसुद्धा लागत नाही! आणि लोकांना नेमकं तेच आवडलं. पोरं गल्लीत खेळताना हातात काठी धरून "नमस्कार, मी कुंडलिक" करायची. माझ्या शाळेतल्या स्नेहसंमेलनात एका पोरानं त्याची नक्कल केली आणि पहिलं बक्षीस घेतलं. बक्षीस माझ्याच हस्ते द्यायचं होतं.

तो वाढतच गेला. कुस्त्यांच्या मागून कबड्डी आली, मग टेनिस बॉलच्या क्रिकेटचे सामने, दर शनिवारी 'मैदान' नावाचा कार्यक्रम. २००९ला त्यानं दुधाचा टेम्पो सोडला. केबलचे दिवस सरले तेव्हा मला वाटलं, आता हा बसला. तर संजयशेठनं चॅनल मोबाईलवर नेलं आणि जिथं केबलची तार कधी गेली नव्हती त्या वेल्ह्याच्या डोंगरातल्या वाड्यांवरही कुंडलिक पोचला. तिकडची माणसं मुंबईत डबे पोचवतात, ती दुपारी जेवताना गावच्या कुस्त्या बघायला लागली. एखादं गाव हरलं की त्याच्यावर रागवायची आणि जिंकलं की त्याला सुक्या बोंबलाची पिशवी पाठवायची.

माझा माईक मात्र कुठं गेला? लग्नाच्या हॉलमध्ये. "बाहेर लावलेली पांढरी गाडी ज्यांची असेल त्यांनी ती त्वरित काढावी." तिथं एकदा एक पाहुणा मला म्हणाला, "आवाज चांगला आहे तुमचा. त्या कुंडलिकला भेटा, काहीतरी काम देईल." मी जेवण न करता घरी आलो.

आता आणखी एक कबुली देतो. मी एक वही केली होती आणि तिच्यात कुंडलिकच्या चुका तारखेनिशी लिहायचो. 'एकचाक' डावाला 'मोळी' म्हणाला. वेल्ह्याच्या पैलवानाला भोरचा केला. दहा-बारा चुका साठल्या की चॅनलच्या पत्त्यावर पोस्टकार्ड टाकायचो. "आपल्या निवेदकास डावांचे प्राथमिक ज्ञानही नसल्याचे दिसून येते. कळावे, एक कुस्तीशौकीन." मौजेची गोष्ट अशी की पुढच्या आठवड्यात ती चूक सुधारलेली असायची. त्याचाही मला रागच यायचा, कारण मग वहीत लिहायला काही उरायचं नाही.

चिमाजी वारला २०१५ला. तेराव्यानंतर चारच दिवसांनी आंबवड्याचा आखाडा होता. ज्याला कुस्ती सांगायची तो कडेला बसलेला म्हातारा आता नव्हता. मी टीव्हीसमोर बसलो आणि मनात म्हणालो, आज अडखळ, लेका. हे मी म्हणालो, याची लाज वाटते, पण म्हणालो. तो अडखळला नाही. उलट त्या दिवशी तो इतकं चांगलं बोलला की वनिता डोळे पुसत उठून गेली आणि मी वही मिटून ठेवली.

यंदा फेब्रुवारीत बातमी आली की मुंबईच्या एका मोठ्या खेळांच्या वाहिनीनं कुंडलिकला बोलावलं आहे. कबड्डीचे सामने मराठीतून सांगायचे, महाराष्ट्रभर दिसणार. पन्नाशीतल्या माणसाला! आणि तिथंही म्हणे त्यांनी त्याला सांगितलंय, 'न्हाई'ला 'न्हाई'च म्हणा. सात वर्षं मी जे सुधारायला डोकं फोडलं, त्यावरच त्याची निवड झाली.

वरव्याच्या जत्रेच्या तीन दिवस आधी तो आमच्याकडं आला. केस पांढरे झालेत, पण खाली मान घालून बोलायची सवय तीच. ओट्यावर बसला, वनितानं दिलेला चहा हातात घेतला आणि म्हणाला, "मास्तर, रविवारी वरव्याला माझा हितला शेवटचा आखाडा. जत्रा कमिटी सत्कार करनार हाय. तुमी या. तुमी म्होरं बसलात तर मला बोलायला बरं वाटंल."

इतकी वर्षं दाबून धरलेलं सगळं वर आलं.

"म्होरं बसून काय करू? टाळ्या वाजवू?" मी म्हणालो. "कुंडल्या, अठरा वर्षं साऱ्या जगाच्या वस्तादांची नावं घेतलीस. कोल्हापूरचा वस्ताद तुला पाठ, सांगलीचा पाठ, आणि उत्रोलीचा तेवढा आठवत नाही? एकदासुद्धा तुझी जीभ उचलली नाही?"

त्यानं कप खाली ठेवला. माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी त्याची थट्टा करतोय.

"मास्तर, तुमीच शपथ घातलीत की."

"कसली शपथ?"

"गळ्याची. हितंच, ह्याच ओट्यावर. पेढं घिऊन आलो व्हतो बगा. म्या म्हनलं, पयल्या कुस्तीला तुमचं नाव घेतो. तुमी उठलात, माझ्या गळ्याला हात लावलात न् म्हनलात, 'माझं नाव माईकवर घेशील तर तुझ्या गळ्याची शपथ आहे.'"

मी हसायचा प्रयत्न केला. "मी? मी असं म्हणेन?"

"म्हनला व्हता," दारातून वनिता बोलली. "मी चा घिऊन आले तर तुमचा हात कुंडलिकच्या गळ्यावर. मला तर वाटलं, गळा दाबताय का काय."

"मग अठरा वर्षं तू बोलली का नाहीस?"

"मला काय ठावं, तुमी इसरला म्हनून? शपथ तुमी घातलेली. मला वाटलं, मानूस शपथ बी घालतंय न् वर नाव घेत न्हाई म्हनून जळतंय बी. तुमचा सभावच तसा."

गळ्याची शपथ ही आमच्याकडं साधी गोष्ट नाही. मोडली तर ज्याच्या गळ्याला हात लावला त्याचा गळा जातो असं मानतात. कुंडलिक म्हणाला, "खरं असंल नसंल, मास्तर. पर माझं पोट गळ्यावर हाय."

"मग निदान आपलं गाव तरी सांगायचंस! आडनाव सांगायचंस! नुसतं 'मी कुंडलिक' काय? माजोरी दिसतं ते."

"तुमीच शिकवलं न्हवं, यातलं एक घेतलं की तिन्ही घ्यायची? पुरं नाव नायतर गाव घेतलं असतं तर वस्ताद घ्यावा लागला असता. म्हनून दोनी सोडली. भाटघरची मानसं लई रागावली माझ्यावर. गावाचं नाव घ्यायला लाजतोस का, म्हनायची. काय सांगनार त्यास्नी?"

अठरा वर्षं मी ज्याला कृतघ्न म्हणून शिव्या घातल्या, तो माझ्याच शब्दाला जागत होता, आणि त्यापायी गावाचाही रोष पत्करत होता. याहून वाईट काय ऐकायचं असतं?

तो उठला. म्हणाला, "शपथ घालनाऱ्यानंच सोडायची असती, मास्तर. तुमी नुस्तं 'सुटली' म्हना. रविवारी मी साऱ्या लोकात नाव घेतो."

'सुटली.' एक शब्द. लहान पोरंसुद्धा खेळताना म्हणतात, शपथ सुटली. पण मी आखाड्याचा माणूस आहे. आमच्यात 'सुटली' कुस्तीला म्हणतात, जी चितपट होत नाही, जी पंच उठून बरोबरीत सोडवतात. ना कुणाची जीत, ना हार. बावीस वर्षं माईकवर असताना मला या एका शब्दाचा तिटकारा होता. कुस्ती सुटली की लोक उठून भेळ खायला जातात. आणि इथं तर ती बरोबरीसुद्धा नव्हती. मी 'सुटली' म्हणालो की चूक माझी होती, शपथ माझी होती, वाया गेलेली अठरा वर्षं माझीच होती, हे सगळं कबूल करावं लागणार होतं. ज्याच्यावर राग धरून मी इतकी वर्षं काढली तो राग ठेवायचा कुठं?

"बघू," मी म्हणालो.

कुंडलिकनं मान हलवली. पायरी उतरता उतरता मागं वळून म्हणाला, "तुमची कार्डं पोचत व्हती मला. अक्षर वळखतो मी तुमचं. ती चूक आगदी वर्मावर धरली व्हती, एकचाकाची." त्यात टोमणा असता तर बरं झालं असतं. त्यात टोमणा नव्हता.

रविवारी मी वरव्याला गेलो. जाणार नाही म्हणून दोन दिवस घोकत होतो, तर वनिता लुगडं नेसून एस.टी.च्या थांब्यावर जाऊन उभी राहिली, म्हणून गेलो. आखाडा गच्च भरला होता. तीन कॅमेरे, शिवाय प्रत्येकाच्या हातात मोबाईल. मला पुढच्या ओळीत खुर्ची दिली. कुंडलिक टेबलापाशी उभा होता, मी उभा राहायचो तिथंच. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी हलगीवाल्याकडं पाहिलं.

शेवटच्या कुस्तीआधी जत्रा कमिटीचे हनुमंतराव उठले. त्यांनी कुंडलिकला फेटा बांधला, शाल घातली. मोठा बोलका माणूस, त्याला गंमत सुचली. माईक कुंडलिकच्या हातात देत ते म्हणाले, "मंडळी, ह्या गड्यानं आजवर हजारो पैलवान पुकारले. आज आपन ह्याला मैदानात उतरवू. काय कुंडलिकराव, पुकारा स्वतःला. नाव, गाव, वस्ताद!"

लोकांनी शिट्ट्या मारल्या. हलगी थांबली.

कुंडलिकनं माईक तोंडाशी नेला. "कुंडलिक चिमाजी मळेकर," तो म्हणाला. भाटघरची माणसं एका कडेला बसली होती, ती एकदम सावरून बसली. "गाव, भाटघर." त्या कडेनं असा आरडाओरडा झाला की दोन मिनिटं काही ऐकू येईना.

मग तो थांबला. माईक तोंडाशी तसाच.

"वस्ताद?" कुणीतरी ओरडलं. मग दहाजण ओरडले. मग सगळा आखाडा. "वस्ताद कोन? वस्ताद सांगा!"

तो बोलेना. त्याचा दुसरा हात गळ्याशी गेला होता. लोकांना वाटलं, गहिवरला. हनुमंतरावांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. कॅमेरेवाला पोरगा खुणा करायला लागला, बोला, बोला, लाईव्ह चालू आहे. कुंडलिक माझ्याकडं बघत होता. तो दुसऱ्या कुणाचं नाव घेऊ शकला असता. बापाचं घेतलं असतं तर कुणाला कळलं असतं? चिमाजीनं त्याला कुस्ती दाखवली होतीच. टाळ्या पडल्या असत्या, काम भागलं असतं. पण तो नुसता उभा राहिला, त्या एवढ्या गर्दीत, फेटा बांधून, मुका.

मी इतकी वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली होती तो मी माझ्याच हातानं अडवून बसलो होतो. माझं नाव त्याच्या ओठावर येऊन थांबलं होतं आणि ते पुढं येईना, कारण मी येऊ देत नव्हतो. आणखी थोडा वेळ गेला असता तर हनुमंतरावांनी माईक काढून घेतला असता आणि उद्या तो मुंबईला गेला असता.

मी खुर्चीतून उठलो. "सुटली," मी म्हणालो. माझा आवाज पहिल्या ओळीच्या पलीकडं गेला नसेल. "सुटली रे, कुंडल्या! चूक माझी होती. सुटली!"

त्याचा गळ्याशी धरलेला हात खाली आला. आणि तो म्हणाला:

"वस्ताद... साहेबराव सोनबा कोंढाळकर. मुक्काम उत्रोली."

नुसतं एवढंच. पण काय म्हणाला! 'साहेबराव'वर आवाज वर नेला नाही, खाली आणला, की सगळा आखाडा पुढं झुकला. 'सोनबा' म्हणताना अर्धा श्वास थांबला, तेवढ्यात माझा बाप त्या मातीत येऊन उभा राहिला. 'कोंढाळकर' असं खणखणीत की माझी पाठ आपोआप ताठ झाली. आणि 'उत्रोली' असं सोडलं की शेवटचं अक्षर भोंग्यातून पार डोंगरापर्यंत गेलं. आखाडा उठून उभा राहिला. अनोळखी माणसं माझ्या पाया पडायला लागली. वनिता पदर तोंडाला लावून रडत होती. हलगी अशी कडाडली की बाकी काही ऐकू येईना.

मी हात जोडून उभा होतो. माझं नाव मी स्वतः जन्मभर घेत आलो; माईकवर घेतलं, शाळेच्या हजेरीत घेतलं, लग्नपत्रिकांवर छापलं. ते असं घेता येतं, हे मला कधी कळलंच नव्हतं. त्या टाळ्यांच्या कडकडाटात, डोळ्यांतून पाणी गळत असताना, मला कुंडलिकचा जितका हेवा वाटला तितका आजवर कधीच वाटला नव्हता.